दीड वर्ष प्रार्थना करूनही ख्रिस्त ओळखता येत नाही असं वाटत असेल तर

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. थोडक्यात तो असा, की दीड वर्ष झालं तुम्ही रोज सकाळी प्रार्थनेला बसताय, शास्त्र वाचताय, उपासही करून पाहिलेत, पण जाणवत काहीच नाही, आणि मंडळीत बाकीचे लोक उठून साक्ष देतात तेव्हा तुम्हाला वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की शिमोनाने मंदिरात बाळ येशूला बघितल्या बघितल्या ओळखलं, मग मला का ओळखता येत नाही, आणि उद्या काही जाणवलंच तर तो ख्रिस्त आहे की माझ्या मनाचे खेळ, हे कळणार कसं.

मी गेली २२ वर्षं प्रार्थना-गट घेते, रिट्रीटमध्ये लोकांसोबत एकेकटं बसून त्यांच्या प्रार्थनेबद्दल ऐकते. हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की त्याचं उत्तर दोन ओळींत द्यायचं मी बंद केलंय. तेव्हा हे लांबणार आहे, सावकाश वाचा.

आधी त्या "बघितल्या बघितल्या" बद्दल, कारण सगळी गडबड मला तिथेच दिसते. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय नीट वाचला तर शिमोनाची ओळख देताना पहिली गोष्ट ही सांगितलीय की तो नीतिमान आणि भक्तिमान होता आणि इस्राएलाच्या सांत्वनाची वाट पाहत होता. म्हणजे बाळ अजून गोष्टीत यायचंय आणि हा माणूस आधीच कितीतरी काळ वाट पाहतोय. किती वर्षं, ते लूक सांगत नाही. त्याचं वयही कुठे दिलेलं नाही, आपण त्याला म्हातारा समजतो कारण तो म्हणतो की प्रभू, आता तुझ्या दासाला शांतीने जाऊ दे. त्याच मंदिरात भेटणाऱ्या हन्ना या संदेष्टीचं मात्र दिलंय, लग्नानंतर सात वर्षं नवऱ्यासोबत आणि मग विधवा, चौऱ्याऐंशी वर्षांपर्यंत, आणि काही जण तर मूळ ग्रीक वाक्य असं वाचतात की नुसतं वैधव्यच ८४ वर्षांचं. रात्रंदिवस उपास आणि प्रार्थना, मंदिर सोडून जायची नाही. आता सांगा, यातलं काय "बघितल्या बघितल्या" झालं? आपल्याला तो शेवटचा क्षण दिसतो आणि त्यामागचा सगळा काळ दिसत नाही. कितीतरी सकाळी हन्ना उठली असेल आणि संध्याकाळपर्यंत काहीच झालं नसेल, ते लूकने एकाच वाक्यात उरकलंय, पण तिला ते एकेक दिवसाने जगावं लागलं.

आणि तो क्षणसुद्धा कसा होता ते जरा जवळून बघा. नियमशास्त्राप्रमाणे मुलगा झाला की आईच्या शुद्धीकरणाला चाळीस दिवस, सात अधिक तेहेतीस, लेवीयच्या बाराव्या अध्यायात आहे. तेव्हा एक कोकरू आणि एक पक्षी अर्पण करायचा, आणि कोकरू परवडत नसेल तर होल्यांचा जोडा नाहीतर पारव्यांची दोन पिल्लं. लूक फक्त पक्ष्यांचं बोलतो, कोकराचा उल्लेखच नाही. म्हणजे गरीब जोडपं. मंदिर तर प्रचंड, हेरोद राजाने सुरू केलेलं बांधकाम तेव्हाही चालूच होतं, माणसांची, जनावरांची, याजकांची ये-जा, आणि त्या गर्दीत हे दोघं, हातात बाळ. तिथे तारा नाही, देवदूतांचा समुदाय नाही, तो मेंढपाळांना दिसला होता, तोही चाळीस दिवसांपूर्वी. आणि त्या दिवशी असं बाळ घेऊन आलेलं हे एकच जोडपं असेल असंही नाही ना.

मला नेहमी शिमोनाचे हात दिसतात. चाळीस दिवसांच्या बाळाने मान धरलेली नसते. त्याला घ्यायचं म्हणजे एक हात मानेखाली, एक पाठीखाली, आणि आपण आपोआप थोडे वाकतो. ज्याची वाट पाहिली तो असा आला, की त्याची मान आपल्याला सांभाळावी लागतेय. लूक लिहितो, शिमोनाने त्याला हातात घेतलं आणि देवाचा धन्यवाद केला. राजा येईल, सैन्य येईल, रोमी लोकांना हाकलून देईल, ही अपेक्षा त्या काळी भरपूर होती आणि ती चुकीच्या माणसांची होती असंही नाही. पण शिमोनाने आपल्या अपेक्षेचा आकार इतका मोकळा ठेवला होता की त्यात एक तान्हं बाळ मावलं. तुमची दीड वर्षाची सकाळ मला इथे लावून बघायची आहे. तुम्ही ज्या "जाणवण्या" ची वाट बघताय, त्याचा आकार आधीच ठरवून ठेवलाय का? अंगावर काटा, डोळ्यात पाणी, ऊब, आवाज? कारण तसं ठरवलं असेल तर तो बाजूने जाईल आणि आपण दाराकडे बघत बसलेले असू.

याची उलटी बाजू मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे आणि ती मला स्वतःला फार टोचते. पूर्वेकडचे मागी लोक, म्हणजे ताऱ्यांचा अभ्यास करणारे ज्ञानी, यरुशलेमला आले, हेरोदाने मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना विचारलं की ख्रिस्त कुठे जन्मणार, आणि त्यांनी बरोब्बर उत्तर दिलं, बेथलेहेम, मीखा संदेष्ट्याचं वचनसुद्धा म्हणून दाखवलं. बेथलेहेम तिथून आठ-नऊ किलोमीटर, पायी दोन-अडीच तास. त्यांच्यातलं कोणी गेल्याचं मत्तय सांगत नाही. परके लोक गेले, ज्यांना उत्तर पाठ होतं ते थांबले. म्हणजे माहिती कमी पडली म्हणून ओळख राहिली असं झालं नाही तिथे, माहिती भरपूर होती, वाट कोणी पाहत नव्हतं.

आता वाट पाहणं म्हणजे नेमकं काय, यावर मी जरा जास्त बोलणार आहे. आपल्याकडे दोन शब्द आहेत, वाट पाहणं आणि ताटकळणं. ताटकळणारा माणूस स्वतःकडे बघत असतो, किती वेळ झाला, पाय दुखले, माझी कोणाला किंमत आहे का. वाट पाहणारा खरंच वाटेकडे बघत असतो. दोघं एकाच जागी उभे असतात, बाहेरून फरक दिसत नाही. तुम्ही लिहिलंय की "मी अर्धा तास बसते आणि सारखं मनात येतं की आज पण काही नाही", तर हे ताटकळणं आहे, आणि यात तुमचा दोष काढत नाहीये, माझी कितीतरी वर्षं अशी गेली आहेत. पण ओळखायला शिकायचं तर नजर स्वतःवरून उठून वाटेवर जायला लागते.

लूक शिमोनासाठी "वाट पाहत होता" म्हणून जो ग्रीक शब्द वापरतो, प्रॉस्देखोमाय, तो त्याने आणखी काही ठिकाणी वापरलाय. पंधराव्या अध्यायात परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे लोक, कुरकुर करतात की हा पाप्यांना जवळ करतो, त्यांच्यासोबत जेवतो, तिथे "जवळ करतो" ला तोच शब्द आहे. म्हणजे वाट पाहणं आणि आलेल्याला स्वीकारणं, दोन्हीला एकच शब्द. आणि तेविसाव्या अध्यायात अरिमथाईचा योसेफ, जो देवाच्या राज्याची वाट पाहत होता, तिथेही तोच. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते. शुभवर्तमानाच्या सुरुवातीला एक वाट पाहणारा ते बाळ हातात घेतो, शेवटी दुसरा वाट पाहणारा तेच शरीर वधस्तंभावरून उतरवून घेतो आणि तागाच्या कापडात गुंडाळतो. दोघांच्याही हातात ख्रिस्त आला, एकाला जिवंत, एकाला मेलेला, आणि दुसऱ्याला तर वाटलं असेल की वाट पाहणं संपलंच आता. तरी त्याने हात पुढे केले.

आणखी एक गोष्ट, जी मला वाटतं तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. शिमोन स्वतःच्या सांत्वनाची वाट पाहत नव्हता. इस्राएलाच्या सांत्वनाची पाहत होता. हन्नासुद्धा, बाळ बघून ती कोणाशी बोलायला गेली? यरुशलेमच्या मुक्ततेची वाट पाहणाऱ्या सगळ्यांशी. दोघांच्या प्रार्थनेत बाकीची माणसं होती. तुमच्या पूर्ण पत्रात "मला जाणवत नाही", "माझं काय चुकतं", "मला कळेल का" आहे, दुसरं कोणाचं नाव नाही. मी हे टोमणा म्हणून बोलत नाही. दुखत असताना माणूस स्वतःबद्दलच बोलतो. पण माझ्या अनुभवात ओळख अडते ती बहुतेक वेळा इथे.

माझंच सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझा प्रार्थनेचा काळ अगदी कोरडा गेला, दोन वर्षांच्या जवळपास. मला तेव्हा मार्गदर्शन करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की रोज प्रार्थना झाली की वहीत दोनच ओळी लिही, जास्त नाही. मी लिहायचे. पानंच्या पानं "काही नाही", "आज पण काही नाही", "झोप आली", "काही नाही". त्या काळात माझं माझ्या भावाशी बोलणं पूर्ण बंद होतं, घराच्या वाटणीवरून, आणि मी त्याचं नावसुद्धा काढायचे नाही. पुढे कधीतरी बाईंनी वही मागितली नाही, मलाच म्हणाल्या तू वाच, सलग वाच. वाचायला बसले. पहिल्या चार-पाच महिन्यांत भावाचा उल्लेखच नाही. मग एका दिवशी, "दादाची आठवण आली, राग आला". मग काही आठवड्यांनी, "दादाचं नाव घेतलं, पुढे बोलता आलं नाही". मग "दादाच्या मुलीची परीक्षा, तिच्यासाठी प्रार्थना केली". आणि जवळजवळ वर्षाने, "फोन केला. दोन मिनिटं". आणि त्याच पानावर वर लिहिलेलं, "आज पण काही नाही".

हे बघून मी रडले. कोणीतरी रोज येत होतं, माझ्या शेजारी बसून त्या एका गाठीवर नख लावून ती हळूहळू सोडवत होतं आणि मी दारावर टकटक व्हायची वाट बघत होते. मला जाणवलं काही नव्हतं, आजही त्या दोन वर्षांतला एकही "अनुभव" मला सांगता येणार नाही. पण ती गाठ मी सोडवली नव्हती हे मला पक्कं ठाऊक आहे, मला ती सोडवायचीच नव्हती.

आता शास्त्रात बघा, पुनरुत्थानानंतर तर त्याला सरळ चेहऱ्याने जवळजवळ कोणीच ओळखत नाही. मग्दालीया मरीयेला तो माळी वाटला. त्याची हाक आली, "मरीये", आणि मग ती वळली. पण त्याच्याआधीची ओळ लोक वाचून पुढे जातात, योहान लिहितो की पेत्र आणि दुसरा शिष्य कबर रिकामी बघून घरी परत गेले, मरीया मात्र बाहेर रडत उभी राहिली. तिच्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त विश्वास होता असं मला वाटत नाही, ती तर शरीर कोणी नेलं हेच विचारत होती. ती फक्त गेली नाही. तिबेर्याच्या समुद्रावर सात शिष्य रात्रभर जाळं टाकून रिकामे, पहाटे काठावर कोणीतरी उभा, ओळखला नाही. जाळं भरलं तेव्हा एकाने म्हटलं, प्रभू आहे. काठावर आले तर कोळशाचा विस्तव पेटलेला, मासे भाजत ठेवलेले, आणि तो म्हणतो या, न्याहारी करा. रात्रभर दमलेल्या माणसांना आधी खायला घालणारा, ही त्याची पद्धत. चेहरा विसरला तरी पद्धत ओळखू येते.

आणि अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोघं शिष्य. साधारण अकरा किलोमीटरची वाट, तीवर तो त्यांच्यासोबत चालला, शास्त्र उलगडून सांगितलं, आणि त्यांना पत्ता नाही. "आम्ही अशी आशा धरली होती" असं ते म्हणतात, धरली होती, म्हणजे आता सोडली. भाकर मोडली तेव्हा डोळे उघडले, आणि तो दिसेनासा झाला. आणि मग ते काय म्हणतात? वाटेत तो बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण आतल्या आत उकळत नव्हतं का. म्हणजे जाणवत होतं! वाटेतच जाणवत होतं, पण नाव देता आलं नव्हतं. ओळख ही बऱ्याचदा मागे वळून बघताना पटते. म्हणून मी वहीचा आग्रह धरते, वही नसेल तर मागे वळून बघायला काही राहतच नाही, आपली आठवण फक्त वाईट दिवस धरून ठेवते.

बरं, मनाचे खेळ की ख्रिस्त, हा तुमचा दुसरा प्रश्न. इथे मला इग्नेशियस लोयोला यांची, म्हणजे येशूसंघ स्थापन करणाऱ्या स्पॅनिश संताची, गोष्ट उपयोगी पडते. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला, महिनोन्महिने अंथरुणात. वाचायला शूरवीरांच्या कथा हव्या होत्या, मिळाली ती ख्रिस्ताच्या आणि संतांच्या जीवनावरची पुस्तकं. पडल्या पडल्या ते कधी एका उच्चकुलीन स्त्रीची सेवा करून नाव कमावायची स्वप्नं बघायचे, कधी संतांसारखं जगायची. दोन्ही वेळा मजा यायची. पण त्यांच्या लक्षात आलं की पहिल्या विचारानंतर मन कोरडं आणि अस्वस्थ राहतं, दुसऱ्यानंतर समाधान टिकतं. बस, एवढ्यावरून त्यांनी पुढे विवेकाची, म्हणजे मनातली कोणती हालचाल देवाकडची आणि कोणती नाही हे ओळखायची, पूर्ण शिकवण उभी केली. तर त्या क्षणी काय वाटलं यापेक्षा नंतर काय उरलं ते बघा, दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी. भावनेची लाट दोन्हीकडून येऊ शकते, मागे राहणारी चव सहसा फसवत नाही.

माझी स्वतःची एक खूण सांगते जी इतक्या वर्षांत क्वचितच चुकली. मनात एखादी गोष्ट टोचते तेव्हा ती नेमकी आहे का मोघम आहे ते बघा. "तू वाईटच आहेस, तुझ्याने काही होणार नाही, देव तुला कंटाळलाय" हे मोघम आहे, याला धरून काहीच करता येत नाही, फक्त खचता येतं, हा आवाज त्याचा नाही. "काल तू तिच्याशी जे बोललास ते खोटं होतं, जाऊन सांग" हे नेमकं आहे, दुखतं, पण दुखताना त्यात एक दार उघडं असतं. शुभवर्तमानातला येशू बघा, विहिरीवरच्या शोमरोनी बाईला तो तिच्या आयुष्यातलं अगदी नेमकं बोलतो, आणि ती लाजून लपत नाही, घागर टाकून गावात धावते. आणि दुसरं, तो घाई करत नाही. आत्ताच्या आत्ता ठरव, आज नाही तर कधीच नाही, असा धाक वाटला की थांबा. बाहेरून कोणी येऊन तुम्हाला म्हणालं की "देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलंय, अमुक तारखेला अमुक होणार", आणि त्यातून तुमच्याकडून पैसे किंवा आज्ञापालन मागितलं, तर तिथून उठून या. ख्रिस्त इथे आहे, तिथे आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका हे त्याने स्वतः सांगून ठेवलंय, मत्तय २४ मध्ये.

अजून एक खूण, ही सगळ्यात साधी. मत्तय २५ मध्ये ज्यांनी भुकेल्याला खायला दिलं, आजाऱ्याला भेटले, तुरुंगातल्याकडे गेले, ते राजाला विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? म्हणजे ज्यांनी त्याची सेवा केली त्यांनीसुद्धा ओळखलं नव्हतं! आणि तरी राजा म्हणतो ते मलाच केलं. मला यात खूप धीर मिळतो. आपल्याला ओळख पटायच्या आधीपासून त्याची आपल्याशी ओळख आहे.

धीर म्हटलं की आठवलं, आपल्या भाषेत सहनशक्तीला आणि हिमतीला हा एकच शब्द चालतो. धीर धर म्हणजे थांब, आणि धीर धर म्हणजे घाबरू नकोस. कोरड्या काळात हे दोन्ही लागतं. आविलाच्या तेरेसा, ज्यांना लोक प्रार्थनेच्या गुरू मानतात, त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की कितीतरी वर्षं प्रार्थनेला बसल्यावर त्यांचं लक्ष घड्याळाचे ठोके कधी पडतात याच्याकडे असायचं. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, १९९७ ला त्या वारल्यावर दहा वर्षांनी, तेव्हा जगाला कळलं की मधला थोडा काळ सोडला तर जवळपास पन्नास वर्षं त्यांना आत अंधारच जाणवत होता, आणि बाहेर त्या रोज पहाटे उठून प्रार्थना करून रस्त्यावरच्या मरणाऱ्या माणसाला उचलत होत्या. मी हे अशासाठी सांगते की "जाणवत नाही" याचा अर्थ "तो नाही" किंवा "मी नालायक" असा काढायची घाई करू नका. इग्नेशियस यांचा एक नियम आहे, कोरड्या काळात आधी केलेला चांगला निर्णय बदलायचा नाही. प्रार्थना सोडायची असेल तर ती भरल्या मनाने बरं वाटत असताना सोडायचा विचार करा, कोरडेपणात नको. आणि गंमत म्हणजे बरं वाटत असताना कोणी सोडत नाही.

शंका आली तर ती दाबू नका. योहान बाप्तिस्मा करणाऱ्याने यार्देनेवर सगळ्यांसमोर सांगितलं होतं की हा देवाचा कोकरा, आणि तोच योहान तुरुंगात पडल्यावर निरोप पाठवतो, जो यायचा तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? एवढा मोठा माणूस. येशू त्याला रागावला नाही. आंधळे बघतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता मिळते, जे दिसतंय ते जाऊन सांगा म्हणाला, आणि योहानाचे शिष्य निघून गेल्यावर लोकांसमोर त्याचं कौतुक केलं. तेव्हा तुमचा प्रश्न आहे तसा प्रार्थनेतच विचारा, तूच आहेस का म्हणून. मला विचारलात तसंच त्यालाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट विचारायचीय. कोरडेपणा फक्त प्रार्थनेत आहे की सगळीकडे? झोप लागत नाही, भूक गेलीय, आवडीच्या कामात मन लागत नाही, कित्येक आठवडे असंच चाललंय, जगणं नको वाटतं, असं असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, मानसोपचार तज्ज्ञांकडे जा, आणि प्रार्थना सोबत चालू राहू दे. यात विश्वासाची कमी वगैरे काही नाही. पूर्वी मी एक-दोघांना हे उशिरा सांगितलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून आता आधी विचारते.

आता करायचं काय. वेळ वाढवू नका, अर्धा तास बसताय तर वीस मिनिटं करा पण रोज तीच वेळ आणि तीच जागा. सवय जागेला लागते आधी, मग शरीराला, मनाला सगळ्यात शेवटी. नवीन उतारे शोधत बसू नका. सात दिवस फक्त लूक २, ओवी २२ ते ३८, रोज तोच. पहिल्या दिवशी कंटाळा येणार नाही, तिसऱ्या दिवशी येईल, पाचव्या-सहाव्या दिवशी एखादा शब्द अडेल, जसा मला "हातात घेतलं" अडला होता. जिथे अडेल तिथे थांबा, पुढे वाचायची गरज नाही. मन भटकलं तर स्वतःवर चिडू नका, "प्रभू येशू ख्रिस्ता, माझ्यावर दया कर" एवढं म्हणून परत या, शंभरदा भटकलं तर शंभरदा. शेवटची पाच मिनिटं स्वतःचं काहीही मागायचं नाही. एक माणूस घ्यायचा, नावाने, आणि त्याचं सांत्वन व्हावं म्हणून त्याच्या वतीने वाट पाहायची. शक्यतो असा माणूस ज्याचं नाव घ्यायला जीभ अडखळते. लगेच जमणार नाही, नुसतं नाव घेतलं तरी पुरे.

रात्री झोपताना शिमोनाची ती प्रार्थना म्हणा, आता हे प्रभू, तुझ्या दासाला शांतीने जाऊ दे. कितीतरी शतकांपासून मंडळी ती रात्रीच्या प्रार्थनेत म्हणत आलीय, म्हणजे तुम्ही म्हणाल तेव्हा एकट्या नसाल. दिवस कसाही गेला असला तरी तो सोडून द्यायचा, हातातून खाली ठेवायचा.

आणि वहीत दोन ओळी. "काही नाही" लिहायला लाजू नका, तेही लिहा, तारखेसकट. पण त्याच्याखाली त्या दिवशी कोणाचं नाव घेतलं तेही लिहा. ती वही तीन महिने उघडून मागे वाचायची नाही. तीन महिन्यांनी एखादी मोकळी संध्याकाळ काढा, फोन बाजूला ठेवा, आणि पहिल्या पानापासून सलग वाचा. "काही नाही" कडे लक्ष देऊ नका, त्या खालच्या नावांकडे बघत जा, कोणतं नाव कधी आलं आणि त्याच्यापुढचे शब्द कसे बदलत गेले. आणि मग मला लिहा, मी वाट पाहते.